दान आपलं, मग खर्चही आपल्याच माथी का? कॉन्झर्व्हेशन ईझमेंटच्या खर्चाचा हिशेब

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न मला कसा समजला ते सांगते. तुम्ही न्यू जर्सीत राहता. २०११ साली पेनसिल्व्हेनियातल्या वेन काउंटीत तुम्ही आणि तुमच्या थोरल्या बंधूंनी निम्म्या-निम्म्या भागीत ६२ एकर जमीन घेतली. बरंचसं रान, एक ओढा, एक जुनं फार्महाऊस, आणि थोडं कर्ज अजून फिटायचंय. बंधू निवृत्तीनंतर पुण्याला परतले. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून तिच्यावर कॉन्झर्व्हेशन ईझमेंट (जमिनीच्या वापरावरचं कायमचं बंधन) दान करायचं तुम्ही दोघांनी ठरवलंत. लँड ट्रस्टने, म्हणजे असं बंधन सांभाळणाऱ्या संस्थेने, होकार दिला आणि पाठोपाठ खर्चाची यादी धाडली: अप्रेझल (किमतीचं मूल्यांकन), वकील, टायटल (मालकी हक्काची तपासणी), बेसलाइन रिपोर्ट (जमिनीच्या आजच्या स्थितीची नोंद), वर ‘स्टुअर्डशिप’चे म्हणजे कायमच्या देखरेखीचे १५,००० डॉलर. तुम्ही विचारताय की देणारे आम्ही, मग पैसेही आम्हीच का मोजायचे? आणि टॅक्समध्ये हे सगळं वसूल होतं ना?

मी पेनसिल्व्हेनियात हेच काम करते, आता ट्रस्टच्या बाजूने आणि त्याआधी जमीनमालकांच्या बाजूने. वकील नाही, सीपीए म्हणजे करतज्ज्ञ हिशेबनीसही नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा. पण अशा याद्या रोज पाहते. तुमच्या पत्रातला मोठा प्रश्न मला वेगळाच दिसतो. यादी वरून खाली एकेक करून फेडत गेलात, तर सातवा-आठवा खर्च झाल्यावर कळेल की गाडी कर्जापाशी किंवा बंधूंच्या हिश्शापाशी अडली आहे. तोवर गेलेले पैसे परत येत नाहीत. म्हणून किती खर्च यापेक्षा कोणता आधी, हे महत्त्वाचं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते. ईझमेंटमध्ये जमीन तुमचीच राहते. विकता येते, मुलांना देता येते, राहता येतं. तुम्ही सोडता तो प्लॉट पाडून घरं बांधण्याचा वगैरे हक्क, आणि तो कायमचा. सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त बोजा चढवावा तसं हे बंधन काउंटीच्या दफ्तरी चढतं आणि पुढच्या प्रत्येक मालकाच्या मानगुटीवर बसतं. ‘कायमचं’ या अटीमुळेच ट्रस्टला पैसे लागतात. ट्रस्टचा माणूस दरवर्षी येणार, हद्दीवरून फिरणार, फोटो काढणार, अहवाल लिहिणार. पुढच्या मालकाने ओढ्याकाठची झाडं उतरवली तर कोर्टाची पायरी ट्रस्टने चढायची. वर्षाच्या पाहणीला ५०० डॉलर धरा आणि मुद्दल शाबूत ठेवून फंडातून वर्षाला ४ टक्केच काढायचे म्हणा. झाले १२,५०० डॉलर. त्यात कोर्टकज्ज्यासाठीची गंगाजळी मिळवली की १५,००० हा आकडा अवाजवी वाटत नाही. ॲक्रेडिटेशन (अधिकृत मान्यता) मिळालेल्या ट्रस्टना ही तजवीज दाखवावीच लागते. २०१३ पासून टेराफर्मा नावाची खास लँड ट्रस्टसाठीची विमा व्यवस्थाही आहे, पण ती दाव्यांसाठी. दरवर्षीच्या फेऱ्यांसाठी नाही. उलट एक पैसाही न मागणारा ट्रस्ट दिसला तर मी आधी विचारते की वीस वर्षांनी पाहणी कोणाच्या पैशाने होणार.

हा आकडा थोडा हलवता येतो. बहुतेक ट्रस्ट हप्ते पाडून देतात. शिवाय दस्तात तुम्ही स्वतःसाठी किती सवलती राखून ठेवता यावर पाहणीचा खर्च ठरतो. ‘दोन्ही मुलांसाठी पुढेमागे एकेक घर, एक तळं, एक गोठा’ असं लिहीत गेलात की वकिलाचे तास वाढतात, पाहणी वाढते आणि ईझमेंटची किंमत मात्र घटते. खरोखर हवं तेवढंच राखा.

आता दुसरा प्रश्न. नाही, सगळं वसूल होत नाही, आणि तुमच्या बाबतीत तर गणित बारकाईने करायला हवं.

अमेरिकेच्या आयकर कायद्याच्या कलम १७०(एच) खाली ईझमेंटच्या किमतीइतकी वजावट मिळते. वर्षाला समायोजित उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत, आणि उरलेली पुढची १५ वर्षं वापरता येते. निम्म्याहून जास्त उत्पन्न शेतीतून असेल त्यांना ही मर्यादा १०० टक्के आहे. हे २०१५ च्या अखेरीस कायम झालं. ऐकायला झकास. पण वजावट म्हणजे हातात आलेले पैसे नव्हेत.

तुमचं उत्पन्न मला माहीत नाही, म्हणून आकडे कल्पनेतले घेते. ईझमेंटआधी जमिनीची किंमत ९ लाख डॉलर, नंतर ६ लाख. म्हणजे दान ३ लाखांचं. नवराबायकोचं मिळून उत्पन्न २ लाख, आणि बाकीच्या वजावटी २५,००० (तेवढ्याने एरवी तुम्ही ३१,५०० ची स्टँडर्ड, म्हणजे सरसकट मिळणारी, वजावटच घेतली असती). २०२५ च्या टप्प्यांनुसार पहिल्या वर्षी १ लाखाची वजावट वापरलीत तर कर वाचतो साधारण १८,४०० डॉलर. २२,००० का नाही? कारण एवढी मोठी वजावट २२ टक्क्यांच्या टप्प्यातून घसरत १२ टक्क्यांच्या टप्प्यात जाते, आणि स्टँडर्ड वजावट सोडल्याचं नुकसान वेगळं. तीन वर्षांत ३ लाख संपतात आणि हाती लागतात ५५,००० च्या आसपास. हेच उत्पन्न ८०,००० असतं तर वर्षाला जेमतेम ३,८०० सुटले असते. २०२६ पासून उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतच्या दानाला वजावटच नाही, तोही थोडा चिमटा.

राज्यांकडून तुम्हाला काही नाही. पेनसिल्व्हेनियाच्या आयकरात दानाची वजावटच नसते आणि न्यू जर्सीची सवलत न्यू जर्सीतल्या जमिनीपुरती आहे. व्हर्जिनियात ४० टक्क्यांचं विकता येणारं क्रेडिट मिळतं असं मित्रांकडून ऐकाल. ते त्या राज्यातल्या जमिनीला, आणि ते घेतलं की २०१९ च्या नियमांनुसार केंद्राची वजावट तेवढी कमी होते. मालमत्ता कर उतरेल ही आशाही बेताची ठेवा. तुमची जमीन ‘क्लीन अँड ग्रीन’ या राज्याच्या मालमत्ता कर सवलतीच्या योजनेत असेल, आणि असं रान बहुधा असतंच, तर आकारणी आधीच वापराच्या किमतीवर होते.

यादीतल्या फींचं काय? अप्रेझलची फी दानात धरता येत नाही. पूर्वी ती किरकोळ वजावटींत बसवता यायची, २०१८ पासून तेही दार बंद आहे. स्टुअर्डशिपची रक्कम रोख दान म्हणून बसू शकते, पण ती ऐच्छिक आहे की अट आहे यावर ते अवलंबून. सीपीएला ट्रस्टचं पत्र दाखवून विचारा, तोंडी वर्णन करून नको.

यादीत कधीच न येणारा एक खर्च सांगते. किंमत एक तृतीयांश उतरली तर जमिनीची तुमची मूळ खरेदी-किंमतही, करापुरती, एक तृतीयांश उतरते. पुढे विकायची वेळ आली की भांडवली नफा तेवढा जास्त दिसतो.

आता बंधू. वर मी सगळे ३ लाख तुमच्या पदरात टाकले, ते खरं नाही. निम्मी जमीन त्यांची, म्हणून निम्मं दानही त्यांचं. त्यांचं अमेरिकेत करपात्र उत्पन्न नसेल तर त्यांच्या वाट्याची वजावट वाया जाते, ती तुम्हाला वापरता येत नाही. मग तुमच्या दीड लाखावर दोन वर्षांत कर वाचतो सुमारे २८,०००. समोर खर्चाची यादी, माझ्या अंदाजाने तुमच्यासारख्या जमिनीला ३० ते ४० हजारांच्या घरात. म्हणजे निव्वळ पैशाचा विचार केला तर खिशातून जातील.

मग लोक म्हणतात, दादाचा हिस्सा आधी माझ्या नावावर करून घेतो. थांबा. ते अमेरिकन नागरिक असतील तर वाट मोकळी आहे. नसतील, आणि कायमचे पुण्यालाच असतील, तर अमेरिकेतली जमीन भेट देताना त्यांना वर्षाला १९,००० डॉलरपर्यंतच सूट आहे (२०२५ चा आकडा). नागरिकांना मिळणारी आयुष्यभराची मोठी सूट त्यांना नाही. विकत घेतलात तर परदेशी विक्रेता म्हणून किमतीच्या १५ टक्के रक्कम तुम्हाला कापून आयआरएसकडे (अमेरिकेच्या आयकर खात्याकडे) भरावी लागेल, आणि विकत घेतलेल्या हिश्शाला वर्ष उलटायच्या आत ईझमेंट दिलंत तर त्या भागाची वजावट खरेदी-किमतीपुरतीच धरली जाईल. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे, ती बहुतेक कोणी सांगत नाही. परदेशी नागरिकाच्या अमेरिकेतल्या मालमत्तेवर वारसा करात सूट फक्त ६०,००० डॉलरची आहे, आणि भारताशी याबाबत करार नाही. ईझमेंटने त्यांच्या हिश्शाची किंमत साडेचार लाखांवरून तीन लाखांवर आली, तर उद्या वहिनी-पुतण्यांवर येणारा बोजा तेवढा हलका होतो. हा फायदा वजावटीच्या हिशेबात दिसत नाही. सीपीए असा निवडा, ज्याने परदेशस्थ मालकांची कामं केली आहेत.

सही त्यांची लागणारच. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत एका शिक्क्याला ५० डॉलर पडतात, किंवा पुण्यात नोटरी करून अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का) घ्यावं. काउंटीच्या दफ्तराला काय चालतं ते आधी विचारून मगच त्यांना मुंबईला पाठवा.

दुसरी अडचण कर्ज. ईझमेंट देतानाच बँकेने आपला हक्क त्याच्या खाली घ्यायला हवा. त्याला सबऑर्डिनेशन म्हणतात. उद्या हप्ते थकले आणि बँकेने जमीन जप्त केली तरी ईझमेंट टिकावं म्हणून. कोलोरॅडोतल्या मिचेल खटल्यात हे पत्र दान दिल्यावर सुमारे दोन वर्षांनी घेतलं गेलं. हप्ते कधीच थकले नव्हते, तरी २०१५ साली अपील कोर्टाने वजावट नाकारलेलीच कायम ठेवली. गावातल्या छोट्या बँकेचं कर्ज असेल तर मॅनेजरसमोर नकाशा पसरून काम होतं. पण कर्ज पुढे विकलं गेलं असेल, तर फोनवरचे पहिले चार जण ईझमेंट म्हणजे विजेच्या तारांचा रस्ता समजतात आणि पाचवा पुन्हा पहिल्याकडे पाठवतो. यात महिने जातात. बँक स्वतःची फी लावते, कधी स्वतःचं वेगळं मूल्यांकन मागते. शिल्लक थोडी असेल तर ती फेडून टाकणं अनेकदा स्वस्त पडतं.

मग जमिनीखालचं. वेन काउंटीत मार्सेलस शेल या खडकातल्या गॅसच्या लाटेत बऱ्याच जणांनी गॅसच्या लीज केल्या होत्या. डेलावेअर नदीच्या खोऱ्यात २०२१ पासून फ्रॅकिंगवर (खडक फोडून गॅस काढण्यावर) बंदी आहे, पण बंदी आली म्हणून दस्तावरची लीज पुसली जात नाही. खनिज हक्क तुमचेच असतील तर दस्तात खाणकामाला मनाई घातली की भागतं. ते कोणे काळी कुणी वेगळे विकले असतील तर इथे पृष्ठभागावरून खाणकाम होण्याची शक्यता नगण्य आहे, असं भूगर्भतज्ज्ञाचं पत्र लागतं. तो वेगळा खर्च.

सर्व्हेबद्दल लोक उगाच घाबरतात. इथल्या जुन्या दस्तांत ‘पांढऱ्या ओकपासून अमुक पर्च, दगडांच्या ढिगापर्यंत’ अशा हद्दी असतात. पर्च म्हणजे साडेसोळा फूट. ओक केव्हाच पडलेला, ढीग मात्र बहुधा सापडतो. शेजाऱ्यांशी वाद नसेल आणि वर्णन जुळत असेल तर सगळे ६२ एकर मोजायची गरज पडत नाही. घराभोवतीचा जेवढा तुकडा बांधकामासाठी राखणार, तेवढाच मोजून घ्या. रानातला पूर्ण सर्व्हे हा यादीतला सगळ्यात महाग आकडा होऊ शकतो.

बेसलाइन रिपोर्ट म्हणजे दानाच्या दिवशी जमीन कशी होती याचा पुरावा: नकाशे, जीपीएसचे बिंदू, प्रत्येक बिंदूवरून ठरलेल्या दिशेला काढलेले फोटो, खाली तुमच्या आणि ट्रस्टच्या सह्या. ट्रस्टची माणसं करतात, काही हजार डॉलर लागतात. इथे घासाघीस करू नका, पण ती यायच्या आधी स्वतः एक फेरी मारा. जुन्या फार्मच्या मागच्या घळीत हमखास उकिरडा असतो. टायर, गंजलेला फ्रीज, तेलाचे पिंप, पानांखाली निम्मे पुरलेले. तो साफ होईस्तोवर ट्रस्ट सही करत नाही, आणि पिंपात काही शिल्लक निघालं तर साफसफाईचं बिल वेगळंच.

वकील तुमचा स्वतःचा हवा. ट्रस्टचा वकील ट्रस्टचा असतो, कितीही गोड बोलला तरी. पेनसिल्व्हेनियात वीकन्झर्व्हपीए या संस्थेचा नमुना दस्त टिपांसकट उपलब्ध आहे. तो पाया धरला तर वकिलाला शून्यापासून लिहावं लागत नाही, तासांत फरक पडतो. दान देणाऱ्यांच्या अशा खर्चाची काही भरपाई करणारी मदतही या राज्यात आहे. तुमच्या ट्रस्टला थेट विचारा, पण काम सुरू करण्याआधी. झालेल्या खर्चाला अशी मदत सहसा मिळत नाही.

राहिलं अप्रेझल, आणि इथे मी कोणालाच काटकसर करू देत नाही. आयआरएस सगळ्यात आधी याच कागदावर बोट ठेवते. काही मंडळींनी गुंतवणूकदार गोळा करून फुगवलेल्या किमतींवर वजावटी लाटल्या. त्यावर २०१७ ची नोटीस निघाली, आणि २०२२ च्या अखेरीस भागीदाऱ्यांसाठी गुंतवणुकीच्या अडीच पटींची मर्यादा आली. तुमचा त्याच्याशी संबंध नाही, पण त्यामुळे प्रामाणिक दानाकडेही भिंग लावून पाहिलं जातं. दाखवलेली किंमत खऱ्याच्या दुप्पट किंवा जास्त ठरली तर कमी भरलेल्या करावर ४० टक्के दंड आहे. ईझमेंटचं मूल्यांकन कितीदा केलंय हे अप्रेझरला विचारा. घरांच्या कर्जासाठी अप्रेझल करणारा कितीही चांगला असला तरी त्याचं हे काम नव्हे. अप्रेझर फी किमतीच्या टक्क्यांत मागत असेल तर तिथूनच परत फिरा, कायद्याने ते चालत नाही. शेजारी तुमची किंवा घरच्या कुणाची आणखी जमीन असेल तर तीही सांगा. लागून असेल तर सगळी एकत्र मोजावी लागते, आणि ईझमेंटमुळे तिची किंमत वाढत असेल तर ती वाढ दानातून वजा होते.

अडचण एवढीच की अप्रेझलची फी एकरांच्या प्रमाणात उतरत नाही. वीस एकर काय नि दोनशे काय, अभ्यास जवळपास तोच. म्हणून आधी त्याच अप्रेझरकडून थोड्या फीत प्राथमिक अंदाज घ्या. ईझमेंटने किंमत साधारण किती उतरेल, एवढाच आकडा. त्या भागात घरांना फारशी मागणीच नसेल तर उतार लहान येतो, आणि मग वजावटीसाठी पुढचा खर्च करायचा की फक्त जमिनीसाठी, हे तुम्हाला मोकळ्या मनाने ठरवता येतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा बंधूंचं नागरिकत्व आणि सीपीएबरोबर एक बैठक. मग बँक. मग टायटल आणि खनिज हक्क. मग प्राथमिक अंदाज. हे चारही पार पडले तरच वकिलाला दस्त लिहायला सांगा, ट्रस्टला बेसलाइन करू द्या, आणि पूर्ण अप्रेझल अगदी शेवटी. ते दानाच्या तारखेआधी ६० दिवसांपेक्षा जुनं चालत नाही, त्यामुळे घाईने आधी करून घेतलंत आणि बँक अडून बसली तर पुन्हा पैसे. दस्त ३१ डिसेंबरच्या आत काउंटीत नोंदवला गेला तरच त्या वर्षाचं दान धरा. डिसेंबरात अप्रेझर, वकील, ट्रस्ट सगळेच बुडालेले असतात आणि घाईची फीही लागते. वर्ष टळलं तर टळू द्या. नोंद झाल्यावर ट्रस्टकडून पोचपत्र घ्या आणि ‘मोबदल्यात काहीही दिलेलं नाही’ हे वाक्य त्यात आहे का ते डोळ्यांनी वाचा. ते नसल्यामुळे अख्ख्या वजावटी बुडाल्या आहेत. रिटर्नसोबत जोडायच्या फॉर्म ८२८३ मधला खरेदी-किमतीचा रकानाही मोकळा सोडू नका.

आज फुकटात करता येण्यासारखं एक काम आहे. २०११ च्या खरेदीच्या फायलीत टायटल विम्याची पॉलिसी असेल. तिच्या शेड्यूल बी मध्ये जमिनीवरचे जुने हक्क, रस्ते, तारा, लीज, खनिजांचे अपवाद ओळीने दिलेले असतात. गॅसची लीज असेल तर बहुतेक तिथेच दिसेल. त्या ओळी, आणि कर्ज आता कोणाकडे आहे ते लिहून पाठवा. सर्व्हे आणि भूगर्भतज्ज्ञ लागतील की नाही याचा अंदाज त्यावरून सांगता येईल.